पोराला ताप आलाय आणि डॉक्टर म्हणाले "व्हायरल आहे", मग घरी नेमकं काय करायचं

माझी मोठी मुलगी साडेचार वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा, त्यामुळे आमच्या घरात जून ते फेब्रुवारी कुणा ना कुणाचं नाक गळत असतंच. मी डॉक्टर नाही, पण गेल्या चार-साडेचार वर्षांत आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमना इतके प्रश्न विचारलेत की त्यातून घरात एक पद्धतच बसून गेली, आणि माझ्या जावेला पहिलं बाळ झालं तेव्हा तिला हे सगळं लिहून दिलं होतं. तेच इथे जरा नीट मांडते, कारण रात्री दोन वाजता अंग भट्टीसारखं तापलेलं लेकरू मांडीवर असताना काही सुचत नाही, तेव्हा हे आधीच वाचलेलं असावं.

पहिली गोष्ट, पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी-ताप होणं नॉर्मल आहे. पाळणाघरात किंवा प्लेग्रुपला जाणारं असेल तर १०-१२ वेळाही होतं. "याची इम्युनिटीच कमी आहे" असं सासूबाई, शेजारच्या काकू, सगळे म्हणतील, पण तसं नसतं, सर्दीचे व्हायरस शेकडो प्रकारचे आहेत आणि पोराची प्रत्येकाशी पहिल्यांदाच गाठ पडत असते. वजन नीट वाढत असेल आणि मधल्या दिवसांत पोर मस्त खेळत असेल तर इम्युनिटीच्या टॉनिकवर पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हायरसला मारणारं औषध बहुतेक वेळा नसतंच, शरीरच त्याला मारतं. आपलं काम एवढंच की तोवर पोराच्या पोटात पाणी जात राहील, त्याला जरा बरं वाटेल, आणि खरंच बिघडलं तर ते आपल्या वेळेत लक्षात येईल. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं निम्मं लिखाण त्याबद्दलच आहे.

आजारपणाआधीची तयारी

हे आज करून ठेवा. एक डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलचं एकच एक सिरप (एकच का ते खाली सांगते), ओआरएसची चार-पाच पाकिटं, नाकात घालायचे साध्या सलाईनचे थेंब, आणि सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज किंवा औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण. घरातल्या चमच्याने औषध देऊ नका, आमच्या घरातले तीन चमचे मी मोजून बघितले तर तिन्हींची मापं वेगळी.

आणि पोराचं वजन लिहून फ्रिजवर लावा, दर दोन-तीन महिन्यांनी बदला. लहान मुलांचं औषध वयावर नाही तर वजनावर ठरतं. दोन वर्षांचं एक पोर ९ किलोचं असतं नि दुसरं १४ किलोचं.

ताप मोजणे

हात लावून "अंग गरम आहे" म्हणणं आणि ताप असणं यात फरक आहे. काख पुसून कोरडी करा, थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध, हात अंगाशी दाबून धरायचा, बीप वाजेपर्यंत. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापापेक्षा अर्धा-एक डिग्री कमीच दाखवतो हे लक्षात ठेवा. आतला ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर असेल तर त्याला ताप म्हणतात.

आता एक नियम, याला काही अपवाद नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप आला, काखेत ९९.५ च्या पुढे दिसला तरी, तर घरी औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, रात्र असो, रविवार असो, दिवाळी असो, दवाखान्यात जायचं. एवढ्या लहान बाळात साधा व्हायरल आणि रक्तातलं इन्फेक्शन वरून सारखंच दिसू शकतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवायचं.

त्याहून मोठ्या मुलांमध्ये आकडा किती यापेक्षा पोर कसं दिसतंय हे जास्त बोलकं असतं. १०३ असताना गाड्या खेळणारं पोर मी बघितलंय आणि १०० असताना मान टाकून पडलेलंही, आणि त्यातलं दुसरं जास्त काळजीचं असतं. आपल्याकडे "ताप डोक्यात जाईल, मेंदूत जाईल" अशी फार भीती असते. व्हायरलचा १०२-१०३ ताप मेंदू खराब करत नाही, तो शरीराचाच लढायचा मार्ग आहे. मेंदूज्वर हा वेगळा आजार आहे, त्यात इन्फेक्शनच मेंदूपर्यंत गेलेलं असतं, ताप वाढून ते होत नाही.

अंगावर तीन पांघरुणं घालून घाम काढायला जाऊ नका, सुती पातळ कपडे आणि पंखा मंद. बर्फाच्या पट्ट्या, गार पाण्याने अंग पुसणं नको, त्याने पोर कुडकुडतं आणि आतला ताप उलट चढतो. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, तेही पोराला बरं वाटत असेल तरच, रडत असेल तर राहू द्या.

पॅरासिटामॉलचा डोस, आणि आमच्याकडे झालेली चूक

एका वेळचा डोस म्हणजे दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास, शक्यतो ६ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. गंमत म्हणून नाही तर खरंच कागदावर हिशोब मांडून डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

आता खरा धोका कुठे आहे ते बघा. आपल्याकडे पॅरासिटामॉल तीन-चार ताकदींत मिळतं. थेंबांच्या बाटलीत १ एमएलला १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५. आणि त्याच नावाच्या, जवळपास त्याच रंगाच्या दुसऱ्या बाटलीत ५ एमएलला २५०. म्हणजे १० किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचं झालं तर थेंब दीड एमएल, १२५ वालं सिरप ६ एमएल, आणि २५० वालं फक्त ३ एमएल. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं तर सरळ चौपट जातं!

आमच्याकडे मुलगी १० किलोची असताना ६ एमएल देणं सगळ्यांना पाठ झालं होतं. बाटली संपली, नवऱ्याने येताना नवी आणली, ती निघाली २५० ची. रात्री मी झोपेत सवयीने ६ एमएल भरलं आणि पाजलं, बाटली ठेवताना लेबल दिसलं आणि माझे हातपायच गळाले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी धीर दिला की एकदा दुप्पट गेल्याने लिव्हरला काही होणार नाही, पुढचे आठ तास काही देऊ नका आणि लक्ष ठेवा. मुलगी ठीक होती. पण तेव्हापासून घरात एकाच ताकदीची बाटली असते आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात एमएल लिहिलेले असतात. आजी-आजोबांकडे मूल राहत असेल तर तिथेही तीच बाटली ठेवा.

औषध दिल्यावर तासाभराने ताप एक-दोन डिग्री उतरला आणि पोर जरा हसलं, पाणी प्यायलं, की औषधाने काम केलं. ९८.६ व्हायलाच पाहिजे असं नाही. झोपलेल्या पोराला डोससाठी उठवू नका. सर्दी-तापाच्या कॉम्बिनेशन सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा लेबल न वाचता दोन्ही दिलं की डोस डबल होतो.

बाकी तापाची औषधं स्वतःच्या मनाने नकोत. मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयबुप्रोफेन डेंग्यूच्या दिवसांत तर अजिबात नको, रक्तस्राव आणि पोटाचा त्रास वाढू शकतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासूनच बंद आहे, घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देणारे लोक आजही आहेत. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना द्यायची नाही, विशेषतः फ्लू आणि कांजिण्यांमध्ये, त्याने मेंदू आणि लिव्हरचा एक दुर्मिळ पण भयंकर आजार होऊ शकतो.

आता पोराकडे बघायचं, चार गोष्टी

मी वहीच्या एका पानावर लिहिते, वेळ, ताप, डोस, शू. डॉक्टरांकडे गेल्यावर "काल रात्रीपासून खूप ताप आहे हो" यापेक्षा हे पान दाखवलं की त्यांचं काम निम्मं होतं.

पहिलं, शू. ६ ते ८ तासांत एकदा तरी झाली पाहिजे. डायपर आठ तास कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड-जीभ कोरडी, लहान बाळाची टाळू खोल गेलेली, असं काही दिसलं तर अंगातलं पाणी कमी झालंय, दवाखाना गाठायचा.

दुसरं, ताप उतरलेला असताना पोर कसं आहे. ताप चढलेला असताना सगळीच मलूल असतात, त्यावरून काही ठरवू नका. औषधाने उतरल्यावर नजर देतंय का, आईला ओळखतंय का, एखादं खेळणं हातात घेतंय का? ताप उतरूनही मान टाकून पडलं असेल, उठवलं तरी नीट उठत नसेल, किंवा कशानेच न थांबता सारखं रडत असेल तर थांबू नका. आणि याचसाठी सांगते, आजारी बाळाला झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देऊ नका. ज्या गुंगीवर आपण लक्ष ठेवायचं तीच आपण औषधाने आणली तर खरी कुठली नि खोटी कुठली हे कळणार कसं?

तिसरं, श्वास. हे प्रत्येक आई-बापाला आलंच पाहिजे. पोर शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करा, पोटाकडे बघा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय. तापातही थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी दाखवा.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या शिकलेल्या नसलेल्या दायांनाही हेच शिकवलं होतं, त्यांना आकडे मोजता येत नव्हते म्हणून मणी सरकवायचं आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधं यंत्र बनवलं होतं. त्या बायका मणी सरकवून बाळाचा न्यूमोनिया ओळखायच्या, तर आपल्या हातात तर मोबाइल आहे.

आकड्याबरोबर छातीही बघा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हतंय, दूध ओढताना धाप लागून सोडून देतंय, हे सगळं लगेच दवाखान्याचं. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल. दोन वर्षांखालच्या मुलांत आरएसव्ही नावाचा व्हायरस छातीत उतरतो आणि तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास देतो, म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी "छाती क्लिअर आहे" म्हटलं तरी चौथ्या दिवशी परत मोजायचं. छोट्या बाळांना, वेळेआधी जन्मलेल्यांना आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना जास्त जपा.

चौथं, किती दिवस झाले. ताप तीन दिवसांहून जास्त राहिला तर दाखवायचं, पोर खेळत असलं तरी. आणि एक फसवा प्रकार असतो, ताप जातो, दोन दिवस पोर छान, आणि मग परत जोरात ताप येतो, तेव्हा त्या व्हायरलवर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, कानाचं किंवा छातीचं, बसलेलं असू शकतं.

नाक आणि खोकला

चोंदलेल्या नाकाने बाळ दूध पिऊ शकत नाही आणि झोपूही शकत नाही, म्हणून दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन-दोन थेंब, मिनिटभराने पुसून घ्या. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब बाळाला नाहीत. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून घाबरू नका, सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसाच होतो, त्याचा अर्थ अँटिबायोटिक पाहिजे असा नाही.

खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. हे डॉक्टर पहिल्या भेटीत सांगत नाहीत आणि मग आपण आठव्या दिवशी तिसरा डॉक्टर गाठतो. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध चांगला. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, मग घरच्यांना कितीही वाईट वाटू दे.

खोकल्याच्या सिरपबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात भेसळीच्या कफ सिरपने लहान मुलं दगावली, साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेलं औषध, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं आणि किडन्या गेल्या, कितीतरी मुलांना नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने परत सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध द्यायचं नाही आणि पाच वर्षांखाली सहसा लागत नाही. त्याआधी २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली वापरू नये असं सरकारने बाटलीवर छापायला लावलंय. लेबल काढून बघा, तुमच्या कपाटात असेलही. भेसळ बाजूला ठेवली तरी या औषधांनी खोकला लवकर बरा होत नाही, पोर फक्त गुंगतं.

घरगुती उपायांतले काही निरुपद्रवी आहेत, काही नाहीत. हळद-दूध, गरम सूप, तुळशीचा कोमट काढा एक वर्षावरच्याला चालेल, आवडलं तर. पण कापराची पोटली बाळाच्या हाताशी ठेवू नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि दोन वर्षांखाली छातीला-नाकाला कापूरवाला बामही नको. ओवा-धुपाची धुरी देऊ नका, धुराने आधीच सुजलेली श्वासनळी आणखी आवळते. गरम पाण्याच्या पातेल्यावर पोराला धरून वाफ देताना भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात, वाफ हवीच असेल तर बाथरूममध्ये गरम नळ सोडून दार लावून मांडीवर घेऊन बसा. आणि ब्रँडीचे थेंब पाजणं किंवा छातीला चोळणं बंद करा, घरात वडीलधारं कुणीही सांगू दे.

उलट्या-जुलाब

रोटा, नोरो वगैरे व्हायरसने हे होतं. आधी ताप-उलट्या, मग पाण्यासारखी शी, साधारण पाच-सात दिवस. इथे एकच औषध जीव वाचवतं, ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजलं, त्यातून हजारो जीव वाचले. तेच पाकीट आज मेडिकलमध्ये थोडक्या पैशांत मिळतं.

करायचं असं. १ लिटरचं पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात अख्खं पाकीट, २०० एमएलचं छोटं असेल तर २०० एमएलमध्ये अख्खं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं आणि ते धोक्याचं असतं. साखर, लिंबू, दूध काही मिसळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. उलट्या होत असताना पोर ग्लासभर गटागटा प्यायलं तर सगळं बाहेर येतं, म्हणून दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, कंटाळवाणं असतं, तास-तास मांडी घालून बसावं लागतं, पण याच पद्धतीने सलाईन टळतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याने सुरू करा. दोन वर्षांखाली दर पातळ शीनंतर ५० ते १०० एमएल, मोठ्यांना १०० ते २००.

विकत घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. ओआरएस नावाने विकली जाणारी गोड टेट्रापॅक पेयं ओआरएस नाहीत, त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, त्याबद्दल आपण सगळ्या आयांनी त्यांचे आभार मानले पाहिजेत. पाकीट मिळालंच नाही तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, चव अश्रूंपेक्षा खारट नको.

झिंक सिरप डॉक्टर देतात, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण द्या, पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी नको. अंगावरचं दूध चालू, जेवणही चालू, मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, केळं, दही. "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवू नका. शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, किंवा चमच्याने दिलेलंही टिकत नसेल तर दवाखाना.

अंगावर पुरळ आलं तर

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन दिवस सणसणीत ताप, दुसरं काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी ताप जातो नि छाती-पाठीवर गुलाबी बारीक पुरळ येतं, त्याला रोझिओला म्हणतात. पुरळ बघून सगळे घाबरतात, पण पुरळ आलं म्हणजे आजार संपला.

हॅन्ड फूट माउथ मात्र पालकांचा जीव काढतो. २०२२ मध्ये केरळमधून "टोमॅटो फ्लू" म्हणून बातम्या आल्या तो याचाच प्रकार होता. तळहात, तळपाय, ढुंगण, गुडघ्यांवर फोड आणि तोंडात छाले. माझ्या मुलीला झाला तेव्हा ती ताटापाशी यायची, भाताचा एक घास तोंडात घ्यायची आणि गालावर हात ठेवून रडत उठून जायची, लाळ गळून फ्रॉक पुढून सगळा ओला. फोडांना फारसं काही करायचं नसतं, खरी लढाई तोंडाची. जेवणाआधी अर्धा तास पॅरासिटामॉल, आणि सगळं गार, गार दही, गार दूध, गार नाचणीची खीर, आइस्क्रीम सुद्धा, त्या आठवड्यात कुणी काही बोलायचं नाही. आंबट, तिखट, खारट बंद. सात-दहा दिवसांत बरं होतं. आणि मग महिन्याभराने एक दिवस नखं कापताना बघितलं तर तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून सुटलेलं, खालून नवीन पातळ नख येत होतं. मी हादरले, पण या व्हायरसनंतर असं होतं, दुखत नाही, ओढू नका, आपोआप पडतं. शीमधून हा व्हायरस पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो म्हणून डायपर बदलल्यावर साबण-पाण्याने हात, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड टप्प्याटप्प्याने येतात, नखं कापा, कॅलामाइन लावा, रोज कोमट पाण्याने अंघोळ घाला. "देवी आली, पाणी लावू नका" म्हणतात, पण घामाने-मळाने फोड पिकतात. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत घरीच, आणि गरोदर बाईपासून लांब. ताप, लाल डोळे, खोकला आणि चेहऱ्यापासून खाली उतरणारं पुरळ म्हणजे गोवर असू शकतो, घरी थांबू नका. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराने लहान मुलं दगावली.

आणि ताप असताना दाबलं तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर तडक हॉस्पिटल.

पावसाळ्यात आणि नंतर नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक तापात डेंग्यू डोक्यात ठेवा. यात फसगत अशी की ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. ताप गेला पण पोर आणखी मलूल, पोटात दुखतंय, सारख्या उलट्या, हातपाय गार, नाकातून-हिरड्यांतून रक्त, तर अ‍ॅडमिट करायला लागतं.

तापात झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना हे होतं. बघणाऱ्याला वाटतं पोर गेलंच, डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. पोराला जमिनीवर किंवा सपाट जागी कुशीवर झोपवा, गळ्याचं बटण सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका, दाबून धरू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही तर १०८, आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही लगेच दाखवायचं. शक्य असेल तर दुसऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढा, डॉक्टरांना फार उपयोग होतो.

डॉक्टरांशी बोलताना

अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. कित्येकदा डॉक्टर लिहितात कारण आपणच "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणतो. त्यापेक्षा सरळ विचारा, "मॅडम, हे कशासाठी, कान आहे, घसा आहे की छाती?" कारण नीट सांगितलं तर पूर्ण कोर्स द्या, मधे सोडू नका. "दोन दिवस थांबून बघू" म्हणाले तर अशा डॉक्टरांना धरून राहा. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक कधीच परत वापरू नका, पाण्यात कालवलेलं सिरप काही दिवसांतच निकामी होतं.

लसी, आणि परत शाळेत कधी

सरकारी दवाखान्यात रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडातून मोफत मिळते, गोवर-रुबेलाची नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. दुसऱ्या डोसला पुष्कळ लोक विसरतात, कार्ड काढून आजच बघा. कांजिण्यांची आणि दरवर्षीची फ्लूची लस खासगीत घ्यावी लागते, फ्लूची पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. किरकोळ सर्दी असली तरी लस देता येते, पुढे ढकलू नका.

औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, पोर नेहमीसारखं खात-खेळत असेल, तर पाठवा, थोडा खोकला राहिला तरी चालेल. जुलाब पूर्ण थांबेपर्यंत मात्र नको. आणि सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवू नका, दुपारी ताप चढतो तोवर खोलीतल्या बाकीच्यांना लागण झालेली असते. मला माहितीय, नोकरी करणाऱ्या आईला सुट्टी मिळत नाही, मीही त्यातूनच जाते. तरी पाळणाघराच्या ताईंना पहिल्या दिवशीच फोन करून काय झालंय ते सांगा, म्हणजे ज्यांच्या घरी तान्ही बाळं आहेत त्या आयांपर्यंत त्या वेळेत निरोप पोचवतील.